बारीक तारेची परीक्षा

रायपूरहून बोलतोय.

मागच्या काही भागांत आपण स्पीकर पाहिले, ॲम्प्लिफायर पाहिला, रेकॉर्ड प्लेयरची सुई पाहिली. तेव्हापासून एक प्रश्न सारखा येतोय. इंदूरहून आला, हैदराबादहून आला, बेळगावहून आला. प्रश्न असा की, 'काका, स्पीकरला जोडायची केबल जाड घ्यावी की बारीक? हल्ली एकेरी बारीक तारेच्या, वर जेमतेम आवरण असलेल्या मिनिमलिस्ट केबल निघाल्या आहेत. त्यांनी आवाज मोकळा होतो म्हणतात. खरं आहे का?'

याचं उत्तर नुसतं वाचून देता आलं असतं. पण घरात सिस्टीम आहे, हाताशी पक्कड आहे आणि बाजारात तार मिळते, तर करूनच पाहू म्हटलं. केलं. शोधायला गेलो एक आणि सापडलं दुसरंच. जे सापडलं त्याचा संबंध केबलपेक्षा माझ्या वडिलांशी जास्त होता. म्हणून आज हिशेबही सांगतो आणि घरची गोष्टही सांगतो.

आधी घरची मांडणी

आमचं घर तात्यापाऱ्यात. रायपुरात मराठी माणूस नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आहे. आमचं कुटुंब त्या मानाने अलीकडचं, आजोबा रेल्वेच्या नोकरीत इकडे आले तेव्हापासूनचं. बैठकीच्या खोलीत दोन चॅनलचा साधा ॲम्प्लिफायर, आठ ओहमचे दोन छोटे स्पीकर, एक सीडी प्लेयर आणि एक रेकॉर्ड प्लेयर. रेकॉर्ड बाबांच्या. भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई, कुमारजी. पगारातून एकेक करून घेतलेल्या.

बाबा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी चहा झाला की एक रेकॉर्ड, हा त्यांचा नेम. गेली दोन वर्षं तो नेम सुटत चालला होता. आधी आवाज वाढवायला लागले. मग म्हणायला लागले, 'पूर्वीसारखं काही ऐकू येत नाही रे आता.' आम्ही सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं. वय झालं, कान गेले, असंच धरून चाललो. पुढे आठवडा-आठवडा रेकॉर्ड प्लेयरवरचं झाकण उघडलं जात नसे.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवा. आता तारेकडे येऊ.

बारीक तारवाल्यांचं म्हणणं काय?

पन्नास वर्षांपूर्वी स्पीकरची केबल म्हणून वेगळं काही फारसं विकलं जात नव्हतं. लोक दिव्याची दुपदरी वायर वापरत आणि गाणं ऐकत. १९७९ साली अमेरिकेत नोएल ली यांनी 'मॉन्स्टर केबल' सुरू केली आणि जाडजूड केबलचा बाजार उभा राहिला. मग दुसऱ्या बाजूनेही विचार पुढे आला. ब्रिटनमध्ये डेनिस मोरक्रॉफ्ट यांच्या 'डीएनएम'ने बारीक, एकेरी तारेची केबल आणली. पुढे अमेरिकेत तर 'अँटीकेबल्स' या नावानेच एक कंपनी निघाली. तांब्याची एकच भरीव तार आणि त्यावर पातळ लेप, एवढंच तिचं रूप.

या मंडळींचे मुद्दे तीन. पहिला, अनेक पदरांच्या वायरीत वीज एका पदरातून दुसऱ्यात उड्या मारते, एकेरी तारेत तसं होत नाही. दुसरा, जाड तारेत वरच्या पट्टीचे स्वर फक्त पृष्ठभागावरून जातात, बारीक तारेत सगळे स्वर सारखेच जातात. तिसरा, जाड प्लास्टिकचं आवरण थोडी वीज धरून ठेवतं आणि मागाहून सोडतं, त्यामुळे आवाज धूसर होतो.

ऐकायला पटतं. प्रत्येक मुद्द्यात भौतिकशास्त्राचा एक कण खराही आहे. प्रश्न तो कण केवढा, एवढाच आहे.

तीन आकडे, बाकी सगळं नंतर

कुठल्याही केबलचे मोजता येतात असे तीन गुण असतात. रोध, म्हणजे आपण रेझिस्टन्स म्हणतो तो. इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा. आणि कपॅसिटन्स, म्हणजे दोन तारांमध्ये साठणारा विजेचा भार.

स्पीकरच्या केबलमध्ये सगळ्यांत महत्त्वाचा रोध. तांब्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची एक मीटर तार घेतली तर तिचा रोध साधारण ०.०१७ ओहम. तार दुप्पट जाड केली की रोध निम्मा, दुप्पट लांब केली की दुप्पट. स्पीकर तीन मीटरवर असेल तर तार सहा मीटर धरायची, कारण वीज जाते आणि परतही येते.

मी काय केलं? रायपूर हे कारखान्यांचं गाव. उरला, सिलतरा इथे लोखंड-पोलादाचे कारखाने, आणि उन्हाळ्यात घरोघरी कूलर. त्यामुळे मोटर गुंडाळून देणारी दुकानं जागोजागी. तिथे इनॅमलचा लेप दिलेली तांब्याची भरीव तार वजनावर मिळते. जगात मिनिमलिस्ट केबल म्हणून जे विकलं जातं, त्याचा हा सख्खा भाऊ. दुकानदाराने विचारलं, 'कितने नंबर का?' म्हटलं, अठरा. 'मोटर कौन-सी है?' म्हटलं, 'मोटर नहीं भैया, गाना सुनना है.' त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता तार तोलली. दोन्ही स्पीकरना मिळून बारा मीटर, म्हणजे सव्वाशे ग्रॅम. दोनशे रुपयांच्या आत काम झालं.

अठरा नंबरची तार म्हणजे १.२ मिलिमीटर व्यासाची. तीन मीटरवरच्या स्पीकरसाठी तिचा रोध होतो ०.०९ ओहमच्या आतबाहेर. समोर आठ ओहमचा स्पीकर. या रोधामुळे आवाज कमी होतो तो डेसिबलच्या दहाव्या भागाएवढा. तेवढा फरक गाणं ऐकताना कुणाला कळत नाही. अडीच चौरस मिलिमीटरची जाड केबल घेतली तर तो विसाव्या भागाच्या जवळ जाईल. दोन्ही आकडे कानाच्या आवाक्याबाहेरचे.

मग बारीक किती बारीक चालेल? त्याच अंतराला बावीस नंबरची तार घेतली, म्हणजे ०.७ मिलिमीटरची, तर रोध ०.२६ ओहम होतो. इथे जरा सावध व्हायचं. कारण स्पीकर आठ ओहमचा म्हटला तरी तो सगळ्या स्वरांना आठ ओहमचा नसतो. कुठे चारवर उतरतो, कुठे तीसवर चढतो. चारच्या जागी आवाज अर्धा डेसिबल पडतो आणि तीसच्या जागी जवळजवळ पडतच नाही. म्हणजे केबलने आवाजाचा तोल किंचित बदलला. तार अजून बारीक केली, अंतर वाढवलं, की हा फरक ऐकू येण्याइतका होतो. 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकाने १९८३ साली लॉरेन्स ग्रीनहिल यांच्याकडून अशी चाचणी करवून घेतली होती. केसासारखी बारीक वायर ऐकणाऱ्यांनी गोंगाटाच्या चाचणी-ध्वनीत ओळखली. पण साधी दिव्याची वायर आणि महागडी जाड केबल यांतला फरक गाण्यात त्यांना ओळखता आला नाही.

आता बारीक तारवाल्यांच्या तीन मुद्द्यांकडे. वीज तारेच्या पृष्ठभागाकडे सरकते हे खरं. पण माणसाला ऐकू येणाऱ्या सर्वांत वरच्या स्वराला, म्हणजे २०,००० हर्ट्झला, ती तांब्यात सुमारे अर्धा मिलिमीटर खोलवर चालते. आपली तार मध्यापासून कडेपर्यंतच ०.६ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ सगळं तांबं कामाला लागलेलं आहे. साध्या जाड केबलमध्येही या कारणाने पडणारा फरक शोधायला यंत्र लागतं. पदरांमधल्या उड्या आणि आवरणात साठणारी वीज यांचंही तसंच. आठ ओहमच्या स्पीकरपुढे ते परिणाम इतके लहान की आधी दिलेले आकडेसुद्धा त्यांच्यापुढे मोठे वाटावेत.

एक अपवाद सांगून ठेवतो. दोन तारा फार घट्ट पीळ घालून वळल्या तर कपॅसिटन्स वाढतो आणि काही ॲम्प्लिफायर त्याने बिथरतात. ब्रिटनची 'नेम' ही कंपनी तर आपल्या ॲम्प्लिफायरसाठी किमान साडेतीन मीटर केबल लावा असं सांगत आलेली आहे, कारण केबलचा थोडा इंडक्टन्स त्यांनी हिशेबात धरलेला असतो. म्हणून पीळ सैल ठेवायचा, बोटभर अंतराला एक वेढा पुरतो.

पहिलं ऐकणं

तार आणली. दोन्ही टोकांचा लेप पॉलिश पेपरने घासून काढला. हे नीट करा, कारण लेप राहिला तर वीज जातच नाही. वरून मोटरवाल्याकडचीच स्लीव्ह चढवली, कारण लेप कुठे खरवडला आणि दोन तारा एकमेकींना टेकल्या तर ॲम्प्लिफायर जळू शकतो. घरात लहान मुलं किंवा उंदीर असतील तर नुसत्या लेपाच्या भरवशावर राहूच नका. जुनी पारदर्शक वायर काढली, नवी जोडली, एक रेकॉर्ड लावली.

आणि मंडळी, खरंच फरक होता. तंबोरा खोलीभर पसरला. गाणं स्पीकरमधून बाहेर येऊन समोर बसल्यासारखं वाटलं. आतल्या खोलीतून बाबा हळूहळू चालत आले, दारात थांबले. म्हणाले, 'आज काय केलंस रे? तंबोरा ऐकू येतोय.'

त्या संध्याकाळी त्यांनी तीन रेकॉर्ड ऐकल्या. मी मनातल्या मनात या भागाचं नावही ठरवून टाकलं होतं, 'दोनशे रुपयांची जादू'. तसा भाग केला असता तर तो खोटा ठरला असता. बुद्धीने खोटा नव्हे, पण निष्कर्षाने खोटा. वाचवलं पुतण्याने. तो इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, 'काका, कुठली तार जोडली आहे ते माहीत नसताना ओळखून दाखवा, मग बनवा व्हिडिओ.'

डोळे मिटून ऐकणं

पद्धत अशी केली. एका मित्राकडून अडीच चौरस मिलिमीटरची तयार जाड केबल आणली. एकच स्पीकर घेतला, उजवा. स्पीकरकडे दोन्ही केबल कायम जोडलेल्या. ॲम्प्लिफायरकडे मात्र दोन्ही तारा एकदम पालटणारा चेंजओव्हर स्विच, इन्व्हर्टरसाठी लावतात तसला. त्यामुळे एका वेळी एकच केबल चालू. पुतण्या पडद्यामागे. तो नाणं उडवणार, छापा आला तर बारीक, काटा आला तर जाड. स्विचच्या आवाजावरून कळू नये म्हणून दर वेळी तो तीन-चारदा खटखट करणार आणि मगच थांबणार. मी ऐकून सांगायचं आणि त्याने वहीत लिहायचं.

सोळा फेऱ्या केल्या. सोळाच का? नुसता अंदाज ठोकला तरी सरासरी आठ बरोबर येतात. सोळांत बारा किंवा जास्त बरोबर येणं नुसत्या नशिबाने शंभरात साधारण चार वेळाच घडतं. म्हणून बारा आले तर काहीतरी ऐकू येतंय असं मानायचं, हे आधीच ठरवलं. आधी ठरवणं महत्त्वाचं. नंतर ठरवलं की माणूस स्वतःला सूट देतो.

माझे बरोबर आले नऊ. पुतण्याचे सात.

म्हणजे जाड केबल आणि मोटरची तार, आम्हाला फरक कळला नाही. पण मग बाबांना जे ऐकू आलं ते काय होतं? त्यांना तर मी तार बदलली हेही माहीत नव्हतं. त्यांनी न पाहताच ओळखलं होतं. एका अर्थी घरातली सर्वांत प्रामाणिक चाचणी त्यांचीच.

टाकून दिलेली वायर

जुनी वायर रद्दीच्या पिशवीत होती. बाहेर काढली. पारदर्शक आवरणातून तांबं काळपट दिसत होतं आणि टोकांना हिरवट पूड. मल्टिमीटर लावला. उजवीकडची वायर ठीक, मीटरच्या तारा धरून अर्धा ओहम. डावीकडची सहा ओहम. टोक जरा हलवलं की कधी तीन, कधी नऊ.

स्पीकरच्या आठ ओहमपुढे सहा ओहमचा अडथळा म्हणजे जवळजवळ पाच डेसिबलची घट. शिवाय मघाशी सांगितलं तसा स्वरांचा तोल बिघडणं वेगळं. बाबांच्या आवडत्या दोन-तीन रेकॉर्डमध्ये तंबोरा डाव्या बाजूला जास्त आहे. तोच गेला होता.

डावीकडचीच का? खोलीत नीट उभं राहून पाहिलं आणि डोक्यावर हात मारला. डाव्या खिडकीत कूलर. रायपूरच्या उन्हाळ्यात तो मार्चपासून पाऊस पडेपर्यंत चालतो आणि ओली हवा थेट डाव्या स्पीकरच्या मागच्या जोडावर सोडतो. पाठोपाठ पावसाळ्याचे चार महिने. अनेक पदरांची उघडी टोकं स्प्रिंगच्या खटक्यात नुसती अडकवलेली, वर्षानुवर्षं न हलवलेली. तांबं काळवंडत गेलं, जोड कमजोर होत गेला. हळूहळू होत गेलं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि माझ्या? मी तुम्हाला इतक्या भागांत ऐकायचं कसं ते सांगतोय. पण स्वतःच्या घरात दोन स्पीकरच्या मधोमध बसून शेवटचं कधी ऐकलं होतं, ते मला आठवेना. बाबा सांगत होते की नीट ऐकू येत नाही. आम्ही तार तपासायच्या आधी त्यांचे कान मोडीत काढले.

खात्रीसाठी जुन्या वायरीची दोन्ही टोकं दोन-दोन इंच कापली, चकचकीत तांबं दिसेपर्यंत सोलली, खटके स्पिरिटने पुसले आणि तीच वायर परत लावली. बाबांना बोलावलं. म्हणाले, 'कालच्यासारखंच आहे.' म्हणजे जादू तारेच्या बारीकपणात नव्हती, जोड नव्याने झाला यात होती. नवी केबल लावली की आवाज सुधारला, असं जे अनेकजण मनापासून सांगतात त्यातल्या काहींच्या बाबतीत हेच घडत असेल. केबल बदलताना जुना गंजलेला जोड सुटतो आणि स्वच्छ जोड होतो. ऐकू आलेला फरक खरा असतो, श्रेय मात्र चुकीच्या जागी जातं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नंतर बाबांच्या कानांची तपासणीही करून घेतली. वरच्या स्वरांचं ऐकणं वयानुसार कमी झालेलं आहे, दोन्ही कानांत जवळपास सारखं. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांची अशी तक्रार असेल तर दोन्ही तपासा, जोडही आणि कानही.

बारीक कुठे चालत नाही

आता तुम्ही म्हणाल, मग बारीक साधी तार सगळीकडे चालेल ना? नाही. इथेच गफलत होते.

सीडी प्लेयर किंवा रेकॉर्ड प्लेयरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जी केबल येते तिच्यातला संदेश फार नाजूक असतो. म्हणून तिच्या मधल्या तारेभोवती तांब्याची जाळी असते. ती बाहेरचा विजेचा गोंगाट अडवते. मिनिमलिस्ट केबलवाले काहीजण ही जाळीच काढून टाकतात. मीही करून पाहिलं, दोन बारीक तारा आणि टोकांना प्लग. सीडी प्लेयरला लावली तेव्हा फार बिघडलं नाही, कारण तिथे संदेश त्यामानाने दणकट. रेकॉर्ड प्लेयरला लावली आणि घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. इथे पडद्यामागच्या परीक्षेची गरजच पडली नाही.

हा घूंकार आपल्या संगीताला जास्तच बाधतो, का ते पाहा. घरातली वीज ५० हर्ट्झची, तिचा घूंकार ५० आणि त्याच्या पटीत, १००, १५० असा. गवई काळी एकमध्ये गात असेल तर षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ आणि तंबोऱ्याची मंद्र पंचमाची तार १०४ हर्ट्झच्या आसपास. शेजारी १०० हर्ट्झचा घूंकार. दोघांत चार हर्ट्झचा फरक, म्हणजे सेकंदाला चार वेळा आवाज लाटेसारखा वर-खाली. जुळवलेला तंबोरा उतरल्यासारखा वाटतो. गवयाने तासभर जुळवलेलं काम आपली केबल एका क्षणात बिघडवते.

रेकॉर्ड प्लेयरच्या केबलमध्ये कपॅसिटन्सही खरोखर मोजावा लागतो. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या सुईत तारेचं बारीक वेटोळं असतं. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ई ही सुई पुष्कळांकडे असते. तिला १०० ते २०० पिकोफॅराड एवढाच भार द्या, असं कंपनी सांगते. १५० दिला तर वेटोळं आणि केबल मिळून जो स्वर फुगवतात तो साडेसतरा हजार हर्ट्झच्या जवळ, आपल्या कानापासून जवळजवळ बाहेर. लांब, हलकी केबल लावून ४०० झाला तर तोच फुगवटा पावणेअकरा हजारावर उतरतो. मग सुरांना कर्कश धार येते आणि त्यावरचे स्वर झपाट्याने पडतात. म्हणजे केबलने फरक पडतो, नक्की पडतो. पण तो दिखाऊ स्पीकर केबलमध्ये नाही, मागे दडलेल्या या मीटरभर केबलमध्ये पडतो. ती आखूड आणि कमी कपॅसिटन्सची घ्या, जाळी मात्र हवीच.

आणि ही एक काटकसर कधीच करू नका

घूंकार घालवायला पुष्कळ घरांत एक उपाय करतात. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकतात किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावतात. घूंकार जातो, हे खरं. पण ती पिन अर्थिंगची. उद्या आतली एखादी तार सुटून धातूच्या पेटीला टेकली तर ती पेटी २३० व्होल्टवर असेल आणि वीज उतरायला वाट फक्त तुमच्या हातातून. जुन्या घरांत मुळात अर्थिंगच नसतं, तिथे आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून ते करून घ्या. केबलच्या पैशांतून केलंत तरी चालेल.

घूंकारासाठी दुसरे उपाय आहेत. सगळी उपकरणं एकाच पट्टीवर जोडा. संदेशाची केबल विजेच्या केबलला समांतर नेऊ नका, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. रेकॉर्ड प्लेयरची बारीक हिरवी किंवा काळी अर्थ-तार ॲम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला घट्ट बसवा. टीव्ही जोडलेला असेल तर डिशची केबल काढून पाहा, पुष्कळदा चोर तिथे सापडतो.

दोऱ्याची गोष्ट

शेवटी एक गोष्ट. बारीक वस्तूने आवाज बदलत नाही, असं मी म्हणत नाहीये. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली एक सुती दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढे-मागे केला की जवारी खुलते नाहीतर मिटते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लिहिताना याच घोडीकडे आणि दोऱ्याकडे लक्ष वेधलं होतं. तार घोडीच्या वक्र पाठीला कुठे आणि कशी टेकते हे दोऱ्याने बदलतं, म्हणून स्वरांतली झळाळी बदलते. एवढासा दोरा, पण तो जिथे बसतो तिथे ध्वनी जन्म घेतो. शिवाय तो फरक डोळे मिटूनही कुणालाही कळतो.

केबलला हीच कसोटी लावा. बदल कुठे झाला, त्याने कुठला आकडा बदलला आणि न पाहता तो कळतो का? तिन्हींची उत्तरं मिळाली तर खुशाल खर्च करा.

तर मंडळी, क्रम असा. आधी दोन स्पीकरच्या मधोमध बसून ऐका, दोन्ही बाजू सारख्या आहेत का पाहा. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, सगळे जोड काढून, पुसून, टोकं ताजी सोलून परत लावा. घरातल्या तीन-चार मीटर अंतराला एक ते दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची कुठलीही वायर पुरे. मोटरची भरीव तार आवडत असेल तर तीही उत्तम, स्लीव्ह घालून. रेकॉर्ड प्लेयरची केबल निवडून घ्या. अर्थिंगला हात लावू नका. आणि हे सगळं करून पैसे उरले तर खोलीत एक जाड सतरंजी टाका. तिने जेवढा फरक पडेल तेवढा स्पीकरच्या केबलने पडणार नाही. पुढचा भाग त्यावरच आहे.

आमच्याकडे आता मोटरचीच तार लावलेली आहे. चांगली म्हणून नव्हे, लावलेली आहे म्हणून. कूलर मात्र दुसऱ्या खिडकीत हलवला. बाबा रोज संध्याकाळी रेकॉर्ड लावतात आणि आवाजाचं बटण पूर्वीच्या जागेवर आलं आहे. परवा मला म्हणाले, 'तू बस ना जरा, उभ्या उभ्या काय ऐकतोस.' बसलो.

तुमच्या घरचे जोड तपासा, काय सापडलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.